पाणी ओसरल्यावर

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून आमच्या पोलादपूरवरून वाहते आणि महाडला पोचते. तिथं तिला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात. खाडीला भरती असली की खालचं पाणी वर चढतं, वरून नद्यांचा लोंढा येतो, आणि दोहोंच्या मध्ये महाड शहर सापडतं. त्यामुळं पूर ही महाडकरांना नवलाची गोष्ट नाही. दुकानदार जून लागला की खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवतो. किती फुटांवर चढवायचा, एवढाच दर वर्षीचा प्रश्न.

आणि दर पुरानंतर एक वाक्य ऐकायला येतं, 'संकटात सगळे एक होतात.' पुढारी म्हणतात, वर्तमानपत्रं छापतात, चहाच्या टपरीवर पण लोक तेच बोलतात. वाक्य खोटं नाही. पण मला ते नेहमी अर्धं वाटत आलंय. पाण्यात तर साप आणि उंदीर पण एकाच ओंडक्यावर बसतात. त्यांची दोस्ती झाली असं कुणी म्हणत नाही. पाणी ओसरलं की साप साप होतो आणि उंदीर उंदीर. माणसाचं काय होतं, हा खरा प्रश्न.

त्यातून आणखी एक प्रश्न निघतो. मंदिरातले बुवा, मशिदीतले मौलाना, विहारातले बौद्धाचार्य असे धर्माचं काम करणारे लोक गावाच्या कामाला एकत्र येतात तेव्हा नेमकं काय घडतं? तांदळाची गोणी तर कुणीही उचलतो. तिला गळ्यात तुळशीची माळ असलेलाच माणूस लागत नाही, की दाढी असलेलाच लागत नाही. मग त्यांच्या असण्याचा वेगळा उपयोग काय? मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. शास्त्रं वाचलेली नाहीत. पण बघितलेल्या गोष्टींवर विचार करायला शास्त्र लागतंच असं नाही.

२०२१ साली तिथ्या अशा जुळून आल्या होत्या. मंगळवारी २० जुलैला आषाढी एकादशी, बुधवारी २१ ला बकरी ईद, आणि गुरुवारी २२ ला पूर. करोनामुळं आषाढीची वारी एसटीतून गेलेली, ईदची नमाज घरातल्या घरात झालेली. दोन्ही सण असे गपगुमान पार पडले आणि तिसऱ्या दिवशी आभाळ फाटलं. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ८० हून जास्त माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथं दरडी कोसळल्या, तिथंही माणसं गाडली गेली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर आला होता, त्याची आठवण ज्यांना होती त्यांच्या पोटात तेव्हा काय झालं असेल ते लिहून सांगता येणार नाही.

पाणी उतरल्यावर मी एका टेम्पोतून खाली महाडला गेलो. आमच्याकडची पाच-सहा पोरं होती, घमेली आणि फावडी घेतलेली. आमच्या भागातले एक कीर्तनकार बुवा बरोबर होते. शहरात शिरलो तर गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलाला एक वास. धान्याच्या दुकानातलं भिजलेलं धान्य, मेलेली जनावरं, डिझेल, सगळ्याचा मिळून तो वास. लोक घरातली भांडी, गाद्या, पोरांची पुस्तकं रस्त्यावर ओतत होते. सगळीकडं पाणीच पाणी झालेलं आणि प्यायला घोटभर नाही.

एका ठिकाणी मुसलमान मंडळींनी चूल मांडली होती. मोठ्या डेगीत खिचडी. तिथले मौलाना पन्नाशीचे असतील. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायात बूट नाहीत. आमच्या बुवांना बघून ते पुढं आले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "महाराज, तुमचा चातुर्मास लागलाय ना? खिचडीत कांदा-लसूण घालू का नको?"

बुवा क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "नका घालू. नसला तर सगळ्यांना चालेल. असला तर काहींना चालणार नाही."

एवढंच बोलणं. डेगीत कांदा पडला नाही. मला त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते. गोण्या, बाटल्या, चादरी सगळं आलं, मुंबईहून आलं, पुण्याहून आलं. पण 'तुमचं काय चालतं आणि काय चालत नाही' हे विचारून चूल पेटवणं, ह्याला जाणता माणूस लागतो.

दुपारपर्यंत बौद्धवाडीतले एक बौद्धाचार्य पण येऊन मिळाले. तिघांनी एका दुकानाच्या पायरीवर बसून कामाची वाटणी केली. यादी आळीप्रमाणं करायची, जातीप्रमाणं नाही. आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घर सोडायचं नाही, आतला माणूस कोण ते विचारायचं नाही. पैसे येतील ते एका वहीत लिहायचे आणि खाली तिघांच्या सह्या. बौद्धाचार्य म्हणाले, "सह्या आजच करू. उद्या विश्वासाला कागद लागतो." त्यावर तिघं पण हसले. पण सही केली.

आता त्यातली अवघड गोष्ट सांगतो. एका आळीत एक म्हातारी होती, एकटीच. घरातलं सगळं गेलेलं. खाटेवर पाय वर घेऊन बसलेली. आम्ही खिचडीचा पुडा दिला. तिनं विचारलं, "कुणी रांधलंय?" पोरानं खरं ते सांगितलं. तिनं पुडा परत ढकलला. म्हणाली, "नको बाबा. मी आयुष्यभर पाळलं. आता मरायच्या वक्ताला नको."

बुवांना राग आला. म्हणाले, "आजी, माझ्या गळ्यात माळ आहे. मी सकाळी हीच खिचडी खाल्ली. मी सांगतो, चालतं." म्हातारी म्हणाली, "तुमचं तुमच्यापाशी."

मौलाना मागंच उभे होते. ते पुढं आले नाहीत. पोराला हळूच म्हणाले, "त्यांना कोरडा शिधा दे. तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेटी. आणि सुकं लाकूड दे चार. जबरदस्ती करू नको." शिधा दिला, म्हातारीनं घेतला.

संध्याकाळी त्याच पायरीवर ह्या गोष्टीवरून वाद झाला. बुवा म्हणाले, "मला लाज वाटली. उद्या तिच्यासमोर बसून जेवतो." मौलाना म्हणाले, "तिचं पोट भरणं आपलं काम. तिची सवय बदलणं आजच्या दिवसाचं काम नाही. ती पाण्यातून उठलेली बाई आहे." बौद्धाचार्य बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिधा द्यायला माझी हरकत नाही. मी पण दिला असता. पण ही सवय आहे हे म्हणून सोडू नका. ह्याच सवयीनं ह्या गावात आमच्या आजोबांना पाणी मिळत नव्हतं."

तिघांचं एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पण चिखलात हजर होते.

मी त्या वादावर पुष्कळ विचार केलाय. तिघांतला बरोबर कोण? मला वाटतं, मौलानांनी केलं ते त्या दिवसापुरतं बरोबर होतं. म्हातारी खिचडी नाकारत होती त्यात उपाशी तीच राहणार होती. तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास काढला नव्हता. अपमान मात्र झाला होता, आणि ज्याचा झाला त्यानं तो गिळायचं ठरवलं होतं. असला मोठेपणा ज्याचा अपमान झाला त्यानंच दाखवायचा असतो. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं 'जाऊ दे' म्हणायचं नसतं. म्हणून बुवांचा राग पण बरोबरच. आपल्या माणसानं दुसऱ्याला दूर लोटलं तर लाज आपल्याला वाटायला पाहिजे.

पण बौद्धाचार्य बोलले ते सगळ्यात खोल. कारण गाव महाड होतं.

चवदार तळ्याचा इतिहास शाळेत दोन ओळींत शिकवतात. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सरकारी खर्चानं चालणारी पाणवठ्यासारखी ठिकाणं अस्पृश्यांना मोकळी असावीत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर तीन वर्षं कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग शहरात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मारहाण सुरू झाली. परिषदेला आलेल्या लोकांना वाट फुटेल तिकडं पळावं लागलं, आणि त्यातल्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढं तळं 'शुद्ध' करून घेतलं. १०८ घागरी पाणी काढलं, शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात टाकलं, मंत्र म्हटले.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मांडवाला जागा कुणी देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला त्याच जागेवर मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे हे पण अस्पृश्य नव्हते, तरी ते बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले. तळ्याचा खटला दहा वर्षं चालला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला.

ह्यातून मी एक गोष्ट शिकलो. एकजूट हा शब्द ऐकून लगेच टाळी वाजवायची नाही. तळं शुद्ध करायला जमले त्यांची पण एकजूटच होती. मंत्र म्हणणारा होता, घागरी ओढणारे होते, शेण आणणारे होते. सगळे मिळून पाणी बंद करत होते. म्हणून धर्माची माणसं एकत्र आली की पहिल्यांदा बघायचं, की दार उघडतंय का बंद होतंय.

आणि इथंच मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. धर्माचं काम करणाऱ्या माणसाकडं एक गोष्ट असते जी गोणी उचलणाऱ्याकडं नसते. तो आपल्या लोकांना 'हे चालतं' असं म्हणू शकतो, आणि 'हे चालत नाही' असं पण म्हणू शकतो. लोक त्याचं ऐकतात. १९२७ साली महाडात 'चालत नाही' म्हटलं गेलं, तर तळ्याच्या पाण्याला दहा वर्षांचं कोर्ट लागलं. २०२१ साली बुवा 'चालतं' म्हणाले. म्हातारीनं नाही ऐकलं, पण त्या आळीतल्या बाकीच्या घरांनी पुडे घेतले ते बुवा बरोबर होते म्हणून. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे नुसतं पुरातच चालतं असं नाही. २०२३ साल आठवा. २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात गावोगावी मुसलमान मंडळींनी ठरवलं, की नमाज त्या दिवशी, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. हे जमलं कसं? तर त्यांच्या धर्मात कुर्बानीला तीन दिवसांची मुदत आहे. म्हणजे कुणी धर्म सोडला नाही, मोडला नाही. धर्मातच जागा होती, ती जाणत्यांनी दाखवली. तसंच २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली. मुंबईत भायखळ्याहून निघणारा मोठा जुलूस खिलाफत कमिटीनं एक दिवस पुढं ढकलला, आणि सरकारनं सुट्टी पण २९ तारखेला दिली. लालबागचा विसर्जनाचा रस्ता ज्यानं बघितलाय त्याला कळेल, दोन मिरवणुका एका दिवशी आल्या असत्या तर पोलिसांचं काय झालं असतं. त्या दिवशी कुणाच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, कुणाच्या डोक्यावर डोंगर आला नव्हता. भीतीनं ढकललं नाही, विचारानं ढकललं. म्हणून मला ती गोष्ट पुरातल्या एकीपेक्षा पण मोठी वाटते.

आम्ही भातशेती करणारी माणसं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक खाचरं असतात आणि प्रत्येकाला बांध असतो. बांध नसेल तर पाणी थांबणार नाही, चिखळणी होणार नाही, आवण रुजणार नाही. शहाणी माणसं भाषणात म्हणतात, 'सगळे धर्म एकच, मधले बांध फोडून टाका.' शेतकऱ्याला विचारा, बांध फोडल्यावर काय राहतं. वरची माती खालच्या ओढ्यात जाते, दोघांची पण शेती संपते. पण प्रत्येक बांधाला एक वाट ठेवलेली असते. वरचं खाचर भरलं की ती उघडायची, पाणी खालच्याला सोडायचं. ही वाट जो बुजवतो त्याचा बांध मोठ्या पावसात आपोआप फुटतो. आणि ही वाट कुठं आहे ते त्या शेतात राबणाऱ्यालाच माहीत असतं, बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. मौलानांनी मुदतीचे तीन दिवस दाखवावेत, बुवांनी माळ घालून खिचडी खावी, हे आपापल्या बांधातली वाट उघडणं आहे. बुवांचं काम मौलाना करू शकत नाहीत आणि मौलानांचं बुवा करू शकत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात गागोदे गाव आहे. तिथं १८९५ साली विनोबा जन्मले. त्यांनी कुराण वाचायला अरबी शिकली, कुराणातली निवडक वचनं काढून त्याचं पुस्तक केलं, तसंच ख्रिस्ती धर्माचं पण केलं. आणि आयुष्यभर गीतेवर बोलत राहिले. त्यांनी स्वतःचा बांध फोडला नाही आणि दुसऱ्याचा पण नाही. पण पाणी दोन्हीकडं खेळत ठेवलं.

आता थोडं आमच्या शांतता समितीबद्दल. गणपती, मोहरम, ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात बैठक होते. सगळ्या धर्मांची चार-चार माणसं, एक साहेब, चहा, दोन बिस्किटं, आणि शेवटी फोटो. मी पण दोन-तीनदा गेलोय. त्या बैठका वाईट नाहीत. ओळख तरी होते, आणि अफवा उठली तर फोन कुणाला करायचा ते कळतं. पण तिथं सगळे एकमेकांना 'आम्ही भाऊ भाऊ' म्हणतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. कांदा घालू का, असं कुणी विचारत नाही. भांडण होऊ नये एवढंच त्या बैठकीचं काम. भांडण न होणं आणि एकमेकांच्या उपयोगी पडणं, ह्यात एका नदीचं अंतर आहे. १९२४ चा ठराव पण चांगलाच होता. तळ्याच्या पायऱ्या उतरायला कुणी गेलं नाही तोवर तो कागद होता.

तर आता माझा शेवटचा मुद्दा, आणि तो बुवांना, मौलानांना, बौद्धाचार्यांना सगळ्यांनाच आहे.

आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि एप्रिल-मे महिन्यात वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. बाया डोक्यावर हंडा-कळशी घेऊन झऱ्याला रात्री नंबर लावतात. पावसाळ्यात जी नदी बाजारपेठ गिळते तिच्याच खोऱ्यात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. हे पण संकटच आहे. पण हे हळू येतं, दर वर्षी येतं, त्याचा फोटो निघत नाही आणि त्याला मुंबईहून टेम्पो येत नाही. गावात टँकर आला की आधी हंडा कुणाचा, ह्यावरून आजही आळी बघितली जाते, आडनाव बघितलं जातं. ती म्हातारी नुसती खिचडी नाकारत होती, इथं दुसऱ्याच्या हंड्याचा प्रश्न येतो. इथं 'तिचं तिच्यापाशी' म्हणून सोडता येत नाही.

मी हे बुवांना बोललो. म्हटलं, "बुवा, पुरात तुम्ही तिघं एका पायरीवर बसलात. उन्हाळ्यात बसाल काय? आमच्या वरच्या वाडीचा झरा गाळानं बुजलाय. पावसाआधी उपसायला पाहिजे. पाणी तीन वाड्यांना जातं, त्यातली एक मोहल्ल्याची आणि एक बौद्धवाडी."

बुवा म्हणाले, "कीर्तनात सांगतो."

म्हटलं, "कीर्तनात सांगाच. पण तिघांनी मिळून वही करा. त्या वेळेसारखी. घरटी एक माणूस, कुठल्या वाडीचा कुठल्या दिवशी, आणि खाली तिघांच्या सह्या. आणि झरा मोकळा झाला की पाणी आळीच्या टोकापासून टोकापर्यंत, घर न सोडता."

बुवांनी तिथंच मौलानांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं की बुवा सांगत होते, "नाही नाही, रमजानच्या आधी करू. रोजे सुरू झाले की तुमच्या पोरांना फावडं मारायला उन्हात त्रास होईल."